निळ्या तोंडाची केबल

आमच्या कारखान्याच्या माहितीपत्रकावर अजूनही ‘सुपर स्पीड’ असं ठळक छापलेलं आहे, आणि मशीनच्या आतल्या फाईलमध्ये मी लिहिलेली ‘हाय स्पीड’ ही ओळही अजून तशीच आहे. दोन्हींतली खरी माझी. ती बदला म्हणून मला तीनदा सांगून झालं. मी बदलली नाही आणि बदलणारही नाही.

कारखाना म्हटलं म्हणून फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. नगरच्या एमआयडीसीत एक पत्र्याची शेड, चार टेबलं, एक लेथ आणि दुपारी तापून निघणारं छत. आम्ही फळांची प्रतवारी करणारी छोटी मशिनं बनवतो. पट्ट्यावरून लिंबू सरकत येतं, वरचा कॅमेरा त्याचा फोटो काढतो, आतला बोर्ड ठरवतो की हे मोठं का लहान, पिवळं का हिरवं, चांगलं का डागी, आणि पुढची फळी हलून ते लिंबू आपल्या क्रेटमध्ये पडतं. लोखंडाचं काम बाकीचे करतात. बोर्डाच्या आतलं जे काही लिहायचं असतं ते माझ्याकडे.

त्यातलं एक काम फार थोड्या लोकांना माहीत असतं. आपल्या घरच्या संगणकाला आत कोणते भाग आहेत हे बरंचसं विचारून समजतं. आमच्यासारख्या छोट्या बोर्डाचं तसं नाही. ऑपरेटिंग सिस्टीम जागी होते तेव्हा आपण कुठे आलो आहोत याचा तिला पत्ता नसतो. म्हणून तिच्यासाठी एक फाईल आधीच लिहून ठेवावी लागते: इथे अमुक चिप आहे, तिथे यूएसबीचा कंट्रोलर आहे, त्याची जास्तीत जास्त गती इतकी. सिस्टीम ते वाचते आणि त्यावर पूर्ण विश्वास ठेवते. खोटं लिहिलं तरी ठेवते.

हे माझं काम आईला मी कधी धड समजावू शकले नाही. वडिलांना एका वाक्यात कळलं. ते भिंगारला लष्कराच्या वर्कशॉपमध्ये सिव्हिलियन मेकॅनिक होते. दुरुस्त झालेल्या प्रत्येक वस्तूला सुतळीने एक चिठ्ठी बांधायची, त्यावर वस्तूची स्थिती लिहायची आणि खाली सही करायची, ही तिथली पद्धत. माझं सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, “म्हणजे चिठ्ठी बांधायचं काम. मग माल बघून बांध. काय असायला पाहिजे होतं ते लिहू नकोस.” आणि परत पेपर वाचायला लागले.

मी नेमकं तेच केलं नाही. सांगायला लाज वाटते, पण सांगते.

यूएसबीच्या गतींची नावं ज्याने कोणी ठेवली त्याला एकदा समोर बसवून विचारायचं आहे. सगळ्यात हळू ती लो स्पीड. तिच्या वरची फुल स्पीड, म्हणजे नावाने पूर्ण आणि प्रत्यक्षात खालून दुसरी. तिच्या वर हाय, आणि हायच्या वर सुपर. लो, फुल आणि हायचं काम चार तारांत भागतं. सुपरला आणखी पाच लागतात, म्हणून तिची केबल जाड असते, आणि केबलचं आणि बोर्डावरच्या खाचेचं तोंड आतून निळं असतं. आमच्या बोर्डावर निळ्या तोंडाची खाच होती. साहेबांना, म्हणजे आमच्या मालकांना, त्या निळ्या रंगाचं फार कौतुक होतं.

या धंद्यात एक रीत पडून गेली आहे. चिप बनवणारे आपल्या नमुन्याच्या बोर्डाची फाईल देतात. सगळे तीच उतरवून घेतात, वरचं नाव बदलतात आणि कामाला लागतात. मीही तेच केलं. नमुन्याच्या फाईलमध्ये गतीच्या ओळीत ‘सुपर स्पीड’ होतं. पण नमुन्याचा बोर्ड ऐसपैस होता, आणि आमचा साहेबांनी डब्यात बसावा म्हणून कापून लहान करून घेतला होता. त्या पाच तारांचे मार्ग त्यात वेडेवाकडे वळून पट्ट्याच्या मोटरच्या सर्किटखालून गेले होते. मला ते नकाशात दिसत होतं. मी साहेबांना म्हटलंही, “सर, इथे सुपर टिकणार नाही बहुतेक.”

“चिपला जमतं ना?”

“चिपला जमतं.”

“मग लिहा. माहितीपत्रक छापायला गेलंय.”

मी लिहिलं. टेबलावर तपासलं, छान चाललं. टेबलावर मोटर नव्हती, एवढं माझ्या लक्षात यायला हवं होतं. नाही आलं.

त्यातलं एक मशीन श्रीगोंद्याकडच्या एका गावात, बायकांच्या बचत गटाच्या शेडमध्ये गेलं. एका सरकारी प्रकल्पातून त्यांना ते मिळालं होतं. त्या भागात लिंबाच्या बागा पुष्कळ, आणि तोवर प्रतवारी हाताने व्हायची, दिवसभर वाकून. मशीन लागून महिना झाला नसेल, तोच फोन यायला लागले. कॅमेरा बंद पडतो, पट्टा चालू राहतो आणि सगळी लिंबं एकाच क्रेटमध्ये जाऊन पडतात. साहेबांनी फोनवर दोनदा बंद-चालू करायला सांगितलं. मग प्रकल्प कार्यालयाचे अधिकारी पाहणीला गेले. त्यांच्यासमोर मशीन बंद पडलं. वर त्यांना तिथल्या खुंटीवर मोबाईलच्या चार्जरची एक वायर दिसली, जी त्या बायका कॅमेऱ्याला लावत होत्या. अधिकाऱ्यांनी साहेबांना विचारलं, हे काय?

साहेबांना तेवढंच हवं होतं. त्यांनी मला समोर बसवलं आणि पत्र सांगितलं: यंत्रात दोष नसून, अप्रशिक्षित महिलांनी मोबाईल चार्जरची केबल वापरून चुकीची हाताळणी केल्याने यंत्र बंद पडत आहे. मी ते टाईप केलं. शुद्धलेखन तपासलं, प्रिंट काढली, सहीला ठेवली.

इथे मला माझाच राग येतो. पदविका झाल्यावर मी पुण्याच्या एका कंपनीत मुलाखतीला गेले होते. दोन तास मी त्यांना सर्किटं काढून दाखवली. निघताना टेबलावरचा कागद माझ्या बाजूने उलटा होता, पण उलटं वाचायची मला सवय आहे. माझ्या नावापुढे लिहिलं होतं, ‘कार्यालयीन कामासाठी योग्य’. तो शेरा मी किती वर्षं मनात धरून बसले आहे. आणि त्याच जातीचा शेरा दहा बायकांवर मारताना माझी बोटं एकदासुद्धा अडली नाहीत. त्या गावाला मी गेलेही नव्हते.

त्या पत्रावर निर्णय झाला. मशीन बचत गटाकडून काढून घ्यायचं आणि त्याच रस्त्यावरच्या एका व्यापाऱ्याच्या शेडमध्ये बसवायचं, तिथे म्हणे शिकलेली माणसं आहेत. बोर्ड आणि कॅमेरा नीट सोडवायला माहितगार माणूस पाहिजे, म्हणून साहेबांनी मला टेम्पोत बसवून पाठवलं.

मी पोचले तेव्हा शेडमध्ये मशीन चालू होतं. लिंबांचा वास नाकात भरत होता. एक बाई पट्ट्यावर टोपली रिकामी करत होती, दोघी क्रेट उचलत होत्या, आणि लिंबं आपापल्या जागी टपाटप पडत होती. मी दाराशीच थांबले. बंद पडलेलं म्हणून जे मशीन काढायला मी आले होते ते पुरेपूर काम करत होतं.

गटाची अध्यक्षीण पन्नाशीची, नाकेली, पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत लिंबाच्या रसाने चिकट. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“मशीन न्ह्यायला आलात ना ताई?”

“हो मावशी.”

“मंग बसा. एवढ्या चार क्रेटा भरू द्या, मंग न्ह्या.”

“पण हे तर चालतंय.”

“आमची वायर लावली की चालतंय. तुमची लावली की बंद पडतंय. त्या प्रकल्पाच्या सायबानी आमाला बजावलं हुतं, कंपनीचीच लावा म्हनून. ते बघायला आले तवा आमी शान्यासारखी कंपनीची लावली. पडलं बंद.”

मी कॅमेऱ्याजवळ गेले. त्याच्या पाठीवरची खाच रुंद असते, शेजारी शेजारी दोन तोंडं असल्यासारखी. त्यातल्या अर्ध्याच जागेत जुन्या मोबाईलच्या चार्जरची काळी वायर बसवली होती. मध्ये जोड होता, त्यावर चिकटपट्टी गुंडाळलेली. आमची जाडजूड केबल खुंटीला टांगलेली.

“ही वायर लावायचं कुणी सांगितलं तुम्हाला?”

“कोन सांगनार? मोबाईल चार्ज व्हईना की आमी आधी वायर बदलतो. तसंच हितं केलं. घरात चार वायरी हुत्या, चारी लावून बघितल्या. दोन चालल्या, दोन न्हाई. ही बेस चालती.”

आमच्या शेडमध्ये महिनाभर जे कुणाला दिसलं नव्हतं ते या बाईने घरातल्या चार वायरी आणून शोधून काढलं होतं. जुन्या वायरीत चारच तारा. सुपरच्या त्या पाच तारा त्यात नाहीतच, त्यामुळे कॅमेरा आणि बोर्ड मुकाट हाय स्पीडवर उतरून काम करत होते, आणि लिंबाचा फोटो काढायला तेवढी गती भरपूर होती. आमची केबल लावली की नऊच्या नऊ तारा जुळत. माझ्या ओळीवर विश्वास ठेवून सिस्टीम सुपर स्पीड धरायला जाई, मोटरचा खरखराट त्या वेड्यावाकड्या मार्गांत शिरे आणि कॅमेरा तुटे. बायकांनी मशीन बिघडवलं नव्हतं. त्या माझी चूक जुन्या वायरीने झाकून घेऊन मशीन चालवत होत्या. उरलेल्या दोन वायरी का चालल्या नाहीत तेही उघड होतं, त्या नुसत्या वीज नेणाऱ्या होत्या.

तरी खात्री करायला मी लॅपटॉप जोडला आणि आमची निळ्या तोंडाची केबल लावायला सांगितली. पट्टा सुरू झाला आणि पडद्यावर एकाखाली एक ओळी पडायला लागल्या: सुपर स्पीडवर जोडलं, तुटलं, जोडलं, तुटलं. सगळी लिंबं एकाच क्रेटमध्ये जायला लागली. मागून कुणीतरी म्हणालं, “बघा.”

तेवढ्यात अधिकाऱ्यांची गाडी आली. हातात फाईल, फाईलमध्ये वरच आमचं पत्र. त्यांनी पट्ट्याकडे बघितलं आणि मान डोलावली, “बंदच आहे ना? मॅडम, मग घ्या सोडवायला.”

मी साहेबांना फोन लावला. दोष बोर्डात आणि फाईलमध्ये आहे, एक ओळ बदलली की इथल्या इथे निकाल लागतो, असं सांगितलं.

“कोणती ओळ?”

“गतीची. सुपरच्या जागी हाय लिहायचं.”

ते म्हणाले, “माहितीपत्रकावर सुपर आहे. त्या साहेबांसमोर हाय लिहाल तर आपण खोटे पडू. तुम्ही कशालाही हात लावू नका. मशीन खोला आणि परत या, इथे बघू.”

“सर, आपण खोटे आहोतच.”

“नोकरी तुमची आहे, एवढं लक्षात असू द्या.”

आजवर मी साहेबांचं कधी मोडलं नव्हतं. घरी वडील थकलेले, नगरमध्ये असं काम देणारी दुसरी जागा मला माहीत नव्हती. पण समोर ती अध्यक्षीण उभी होती, हातात चिकटपट्टीची वायर घेऊन, परत लावू का असं नजरेने विचारत. मी फोन ठेवला, खिशात नाही, पिशवीत, तळाशी.

अधिकाऱ्यांना म्हटलं, “साहेब, मला पंधरा मिनिटं द्या. तुमच्यासमोरच करते.” ते घड्याळ बघत खुर्चीवर बसले. मी फाईल उघडली. कंट्रोलरच्या वर्णनातली ती ओळ शोधली, सुपर खोडून हाय लिहिलं, फाईल पुन्हा बांधून बोर्डावर चढवली आणि मशीन नव्याने चालू केलं. ती ओळ पुसूनही चाललं नसतं. काहीच लिहिलं नाही, तर कंट्रोलर आपली सगळ्यात वरची गती धरतो. स्पष्ट लिहून द्यावं लागतं की या बोर्डावर एवढीच.

मग मी तीच निळ्या तोंडाची केबल लावली, त्यांच्या डोळ्यांसमोर. पट्टा सुरू झाला, मोटर घुरघुरली. कॅमेरा जोडला गेला आणि जोडलेलाच राहिला. मोठी लिंबं मोठ्यांत, हिरवी हिरव्यांत, डागी डाग्यांत. बघता बघता पूर्ण चार क्रेट भरले.

“म्हणजे यांची चूक नव्हती?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“नव्हती.”

“मग तुमच्या कंपनीच्या पत्रात...”

“ते पत्र चूक आहे.”

त्यांनी फाईल मिटली आणि टेम्पोवाल्याला हात केला, तू जा म्हणून. वरच्या साहेबांशी बोलून घेतो, मशीन सध्या इथेच राहू द्या, असं म्हणाले. बायका हसायला लागल्या. एकीने चहाचं पातेलं ठेवलं. मला वाटलं, झालं. मी लॅपटॉप मिटला.

अध्यक्षीण हसत नव्हती. तिने हात धुतले, पदराला पुसले आणि आतून गटाची वही आणली. त्यांच्या गटाची शिस्त अशी, की जे काही ठरेल ते वहीत उतरायचं आणि सगळ्यांनी खाली सह्या करायच्या. वही तिने माझ्यासमोर फरशीवर ठेवली.

“ताई, मशीनचं चुकीचं लिवलेलं तुमी दुरुस्त केलं. आता आमचं बी करा.”

“मावशी, साहेबांनी ऐकलं ना आत्ता.”

“त्यांनी ऐकलं. पन कागद फायलीतच हाय की. उद्या ते बदलून जातील, दुसरे येतील, कागद वाचतील. अप्रशिक्षित महिला.” तो शब्द तिने एकेक अक्षर सुटं करून उच्चारला. पत्राची प्रत गटालाही आली होती, ती तिने पाठ केली होती. “कुनी लिवलं हुतं ते?”

खोटं बोलायला तेव्हा फार सोपं होतं. साहेबांनी सांगितलं, कुणीतरी टाईप केलं, एवढं म्हणून भागलं असतं.

“मी,” मी म्हटलं. “सांगितलं साहेबांनी, पण लिहिलं मी. आणि मशीनमधली चुकीची ओळपण माझीच.”

चहा गाळणारी बाई थांबली. अध्यक्षीण ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिने नुसतं पेनचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं.

मी लिहिलं. मशीन बंद पडत होतं ते बोर्डातल्या दोषामुळे आणि त्याच्या वर्णनातल्या चुकीमुळे. वर्णनातली ओळ मी लिहिली होती. गटाच्या महिलांच्या हाताळणीत काही चूक नव्हती. कंपनीचं आधीचं पत्र मी मशीन न बघता टाईप केलं होतं आणि ते खरं नाही. खाली माझं नाव, सही, तारीख. अधिकाऱ्यांनी मोबाईलवर त्याचा फोटो काढून घेतला.

नोकरी गेली नाही, हे इथेच सांगून टाकते. साहेब आठ दिवस बोलले नाहीत. पण त्या फाईली वाचणारं आमच्याकडे दुसरं कुणी नाही, त्यामुळे मला ठेवण्यावाचून त्यांना इलाज नव्हता. पुढच्या प्रत्येक मशीनमध्ये मी हाय स्पीडच लिहिते, आणि माहितीपत्रकाच्या गठ्ठ्याकडे बघत बघत लिहिते.

त्या दिवशी अध्यक्षिणीने वही उचलली आणि मी लिहिलेलं मोठ्याने वाचलं. मग परत एकदा वाचलं. बाकीच्या जणी सह्या करायला हात पुसत पुढे आल्या, तेव्हा तिने त्यांना थांबवलं आणि वही पुन्हा माझ्यापुढे सरकवली.

“हे अर्धंच हाय ताई,” ती म्हणाली. “आमची चूक न्हवती एवढंच लिवलंय. मशीन कशानं बंद पडतं ते कंपनीच्या आधी आमी वळखलं आन् महिनाभर चालवून दावलं, ते लिवा.”

मी पेन पुन्हा उघडलं आणि माझ्या सहीच्या वर जागा होती तिथे तेही लिहिलं.